हमी एक हजाराची : ना-नफा कंपनी का आणि कशी काढावी

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा एका गृहस्थांनी आम्हाला विचारलं, "तुम्ही रुग्णांना खाटा आणि वॉकर देणारी माणसं. तुम्हाला कंपनी कशाला पाहिजे?" प्रश्न रास्त आहे. कंपनी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कारखाना येतो, शेअर बाजार येतो. सेवेचं काम आणि कंपनी हे दोन शब्द एका वाक्यात आले की काहीतरी गडबड आहे असं वाटतं. आम्हालाही वाटायचं.

सुरुवातीलाच सांगतो, आम्ही वकील नाही आणि सीएही नाही. आम्ही तालुक्याच्या गावात रुग्णसाहित्य केंद्र चालवणारी पाच माणसं. पैशाच्या बाबतीत एक मोठी चूक आमच्या हातून झाली आणि ती निस्तरताना हा कायदा शिकलो. म्हणून आधी चूक सांगतो, मग कायदा.

पासबुकावर नाव कुणाचं?

आमचं काम साधं होतं. कुणाच्या घरी अर्धांगाचा रुग्ण असतो, कुणाचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं असतं. महिना-दोन महिन्यांसाठी खाट, व्हीलचेअर, एअरबेड विकत घेणं परवडत नाही. आम्ही ते वापरायला द्यायचो. भाडं नाही, फक्त अनामत रक्कम. खाटेला तीन हजार, व्हीलचेअरला दीड हजार, वॉकरला पाचशे. वस्तू परत आली की अनामत परत.

ही अनामत ठेवायची कुठे? नोंदणी नव्हती, त्यामुळे संस्थेच्या नावानं खातं निघेना. मग आमचे खजिनदार अण्णा म्हणाले, "माझ्या नावावर एक वेगळं खातं काढतो, त्यात दुसरा एक रुपया टाकणार नाही." आणि खरोखर टाकला नाही. सात वर्षं चोख हिशेब. एके दिवशी पहाटे अण्णा हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. त्या दिवशी खात्यात दोन लाख दहा हजार रुपये होते. सगळे लोकांचे.

बँकेनं सांगितलं, खातं अण्णांचं आहे, नॉमिनी लावलेला नाही, वारसांचे कागद आणा. बँकेचं चुकलं नाही. अण्णांचा मुलगा म्हणाला, "बाबांच्या खात्यातले पैसे तुमचे कशावरून?" त्याचंही चुकलं नाही, कायद्याच्या नजरेत ते त्याच्या वडिलांचेच पैसे होते. आणि इकडे लोक वॉकर परत घेऊन दारात उभे. ज्याची आई त्याच आठवड्यात गेलेली आहे, त्याला आम्ही "पाचशे रुपये नंतर घेऊन जा" कसं सांगणार? आम्ही आपापल्या खिशातून दिले. चौदा महिने. शेवटी वहिनींनी अण्णांची वही बाहेर काढली. त्यात प्रत्येक अनामतीची नोंद, नाव, तारीख, सही. त्या वहीमुळे पैसे मिळाले. पण त्या घराशी आमचं पूर्वीचं येणं-जाणं पुन्हा झालं नाही. दोन लाख परत मिळाले, ते मात्र मिळालं नाही.

यात बेइमान कुणीच नव्हतं, हे लक्षात घ्या. सगळे सज्जन होते आणि तरी असं झालं. कारण कायद्याला "आमचा ग्रुप" नावाची वस्तू दिसत नाही. त्याला माणूस दिसतो, नाहीतर कायद्यानं निर्माण केलेली व्यक्ती दिसते. मधलं काही दिसत नाही.

हमीने मर्यादित म्हणजे काय?

अशी व्यक्ती निर्माण करण्याचा एक मार्ग म्हणजे कंपनी. कंपनीची नोंदणी झाली की ती तिच्या सभासदांपासून वेगळी व्यक्ती होते. तिच्या नावानं खातं, तिच्या नावानं करार, तिच्या नावानं मालमत्ता. सभासद येतील, जातील, मरतील, कंपनी राहते.

नेहमीची कंपनी शेअरनं मर्यादित असते. तुम्ही दहा हजारांचे शेअर घेतले, कंपनी बुडाली, तर तुमचे दहा हजार गेले. घरावर जप्ती येत नाही. त्या शेअरवर लाभांश मिळतो, शेअर विकता येतो, तो मुलाला वारशानं जातो. म्हणजे शेअर ही मालकी आहे.

हमीने मर्यादित कंपनीत शेअर नसला तरी चालतं. त्याऐवजी प्रत्येक सभासद एक वचन देतो : ही कंपनी कधी गुंडाळावी लागली आणि तिचं देणं तिच्याजवळच्या पैशांतून फिटलं नाही, तर मी अमुक एक रकमेपर्यंत भर घालीन. ती रक्कम मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीच्या मूळ दस्तऐवजात, लिहिलेली असते. सभासदाची जबाबदारी तिथे संपते. आम्ही ही रक्कम माणशी एक हजार रुपये ठेवली. ब्रिटनमध्ये, जिथून हा प्रकार आपल्याकडे आला, तिथे साधारणपणे एकच पौंड ठेवतात. तिथल्या १८६२ च्या कंपनी कायद्यात हा प्रकार आला, आणि आजही तिथल्या कितीतरी धर्मादाय संस्था आणि क्लब याच रूपात आहेत.

इथे बहुतेक जण विचारतात, "मग ते हजार रुपये कुठे भरायचे?" कुठेही नाही. आज एक रुपयाही द्यायचा नाही. हमी ही वर्गणी नव्हे आणि देणगीही नव्हे. म्हणूनच हमीतून कंपनीला भांडवल मिळत नाही, काम चालवायला पैसा वेगळा उभा करावा लागतो.

आणखी एक बारकावा आहे. सभासदत्व सोडल्यावर हमी लगेच सुटत नाही. सोडल्यापासून वर्षभरात कंपनी गुंडाळली गेली, तर तुम्ही सभासद असतानाच्या देण्यापुरती हमी लागू राहते. बोट बुडताना आधी उडी मारणाऱ्यांसाठी ही सोय आहे म्हणा!

आता यातली मुख्य गोष्ट. शेअर नाही म्हणजे मालक नाही. सभासद मत देतो, संचालक निवडतो, हिशेब विचारतो. पण विकण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं आणि वारसाला देण्यासारखंही नसतं. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अशा कंपनीच्या नियमावलीचा नमुना आहे, तक्ता 'एच'. त्यात प्रत्येक सभासदाला एक मत आहे. जास्त पैसे दिले म्हणून जास्त मतं, असं नाही. अण्णांच्या मुलाचा जो प्रश्न होता, "पैसे तुमचे कशावरून?", त्याचं उत्तर इथे आहे : ते त्याचेही नाहीत, आमचेही नाहीत. ते कंपनीचे.

कलम ८

फक्त हमीची कंपनी काढली म्हणजे ती आपोआप ना-नफा होत नाही. त्यासाठी कंपनी कायदा २०१३ चं कलम ८ आहे. १९५६ च्या कायद्यात हेच कलम २५ होतं, म्हणून जुनी मंडळी अजून "सेक्शन पंचवीस" म्हणतात. कलम ८ ची कंपनी शेअरची असू शकते किंवा हमीची. तुम्ही रोज फोनवरून यूपीआयनं पैसे देता ना? ते यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही मुळात कलम २५ खाली नोंदलेली ना-नफा कंपनी आहे. म्हणजे हे रूप लहान कामाला चालतं आणि अवाढव्य कामालाही.

कलम ८ चा परवाना मिळायला तीन गोष्टी लागतात. एक, उद्देश समाजोपयोगी हवा : शिक्षण, कला, विज्ञान, क्रीडा, संशोधन, समाजकल्याण, धर्म, धर्मादाय, पर्यावरण वगैरे. दोन, जे काही उत्पन्न किंवा नफा होईल तो त्याच उद्देशावर खर्च करायचा. तीन, सभासदांना लाभांश द्यायचा नाही. बघा, कायदा "नफा करू नका" असं म्हणत नाही. "वाटून घेऊ नका" असं म्हणतो. वर्षाअखेर चार पैसे शिल्लक राहिले तर त्यात पाप नाही.

मग काम करणाऱ्याला काहीच द्यायचं नाही का? तसंही नाही. पदरचा खर्च परत देता येतो, जागेचं वाजवी भाडं देता येतं, आणि खरोखर केलेल्या कामाचा रास्त मोबदला देता येतो. कंपनी बंद करताना देणी भागवून जे उरेल ते मात्र सभासदांत वाटता येत नाही. ते तशाच उद्देशाच्या दुसऱ्या कलम ८ कंपनीकडे जातं, नाहीतर विकून येणारी रक्कम कायद्यात सांगितलेल्या निधीत जमा होते. आमच्या खाटा आमच्या घरी कधीच येणार नाहीत.

ट्रस्ट का नाही?

महाराष्ट्रात चार माणसांना विचारलंत तर तिघं म्हणतील, ट्रस्ट करा. आम्ही ट्रस्टच्या विरोधात नाही. १८६० च्या कायद्याखाली सोसायटी करायला सात माणसं लागतात आणि आपल्याकडे तिची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही धर्मादाय कार्यालयात नोंदणी करतात. कंपनीच्या मानानं दरवर्षीची कागदपत्रं कमी असतात. मंदिर, धर्मशाळा, एका कुटुंबानं दिलेली जमीन, अशा ठिकाणी ट्रस्ट शोभतो. शाळा किंवा ग्रंथालय काढून सरकारी अनुदान घ्यायचं असेल तर त्या योजनेत कोणती नोंदणी चालते, ती अट आधी वाचा.

आमची अडचण वेगळी होती. आमच्यात माणसं बदलतात. कुणाची बदली होते, कुणाचे गुडघे जातात. ट्रस्टमध्ये विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, मग त्यावर चौकशी, मग आदेश. तंटा नसेल तर ठीक. तंटा असला तर कागदावर जुनीच मंडळी आणि प्रत्यक्षात नवी, अशी अवस्था बराच काळ राहू शकते. कंपनीत संचालक बदलला की ३० दिवसांत ऑनलाइन फॉर्म भरायचा. शिवाय कंपनीचे कागद फी भरून कुणालाही पाहता येतात. ज्याची अनामत आपल्याकडे आहे त्याला आपला ताळेबंद बघता यावा, हे आम्हाला पटलं.

प्रत्यक्ष कशी काढायची?

खासगी स्वरूपाची कंपनी असेल तर किमान दोन सभासद आणि दोन संचालक पुरतात; तीच दोन माणसं दोन्ही असू शकतात. सार्वजनिक स्वरूपाची असेल तर सात सभासद आणि तीन संचालक. निदान एक संचालक वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा हवा. एकट्या माणसाला कलम ८ कंपनी काढता येत नाही.

पहिलं काम नाव. नावापुढे 'लिमिटेड' लावायची गरज नाही, पण फाउंडेशन, फोरम, असोसिएशन, फेडरेशन, कौन्सिल असा एखादा शब्द हवा. त्यानंतर संचालकांच्या डिजिटल सह्या काढायच्या. मग कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 'स्पाइस प्लस' नावाचा अर्ज : पहिल्या भागात नाव, दुसऱ्या भागात बाकी सगळं. परवाना, नोंदणी, संचालक क्रमांक, पॅन, टॅन, सगळं याच अर्जातून होतं.

सोबत मेमोरँडम आणि आर्टिकल्स. मेमोरँडम म्हणजे कंपनी कशासाठी आहे, आर्टिकल्स म्हणजे ती चालवायची कशी. शिवाय पुढच्या तीन वर्षांच्या अंदाजे उत्पन्न-खर्चाचा तक्ता, अर्जदारांची प्रतिज्ञापत्रं, आणि सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंट किंवा वकिलाचं प्रमाणपत्र. कार्यालयाच्या जागेसाठी दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल आणि जागामालकाचं संमतीपत्र. आमचं कार्यालय म्हणजे एका सभासदाच्या मेडिकल दुकानाचा पोटमाळा. चालतं.

इथे एक कळकळीची विनंती. उद्देशाचं कलम दुसऱ्याचं उतरवून घेऊ नका. आम्हाला तयार मसुदा मिळाला होता, त्यात गोशाळेपासून संगणक प्रशिक्षणापर्यंत सगळं होतं आणि रुग्णसाहित्य तेवढं नव्हतं! मेमोरँडम किंवा आर्टिकल्स बदलायची तर कलम ८ कंपनीला आधी परवानगी घ्यावी लागते. म्हणून पहिल्यांदाच चार संध्याकाळी बसा आणि आपलं काम आपल्या शब्दांत लिहा. कुणाला सभासद करायचं, कसं काढायचं, मतभेद झाला तर काय, हे आर्टिकल्समध्ये लिहा. मैत्री आहे तोवर लिहा.

काढल्यावर

नोंदणीनंतर ३० दिवसांत संचालक मंडळाची पहिली बैठक आणि पहिल्या लेखापरीक्षकाची नेमणूक. भाग भांडवल असलेल्या कंपनीला काम सुरू करण्याआधी एक वेगळं घोषणापत्र द्यावं लागतं. भांडवल नसलेल्या हमीच्या कंपनीला ते लागत नाही.

दरवर्षी लेखापरीक्षण सक्तीचं, उलाढाल कितीही छोटी असली तरी. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत वार्षिक सभा. पहिल्या वर्षी नऊ महिने मिळतात. सभेनंतर ३० दिवसांत हिशेबपत्रकं आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र दाखल करायचं. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. दोन फॉर्म एक वर्ष राहिले तर ७३ हजार रुपये. आमच्या हिशेबात चोवीस खाटांची अनामत! सलग तीन वर्षं कागद दिले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. कलम ८ कंपन्यांना काही सवलती आहेत, उदाहरणार्थ वर्षात चार बैठकांऐवजी दर सहा महिन्यांत एक. पण त्या सवलती वेळेवर कागद देणाऱ्यालाच मिळतात.

करमाफीही आपोआप नाही. '१२अ' आणि '८०जी' या नावांनी आपण ज्या नोंदण्या ओळखतो त्या आयकर खात्याकडे वेगळ्या कराव्या लागतात. सीएची फी, लेखापरीक्षणाची फी हा दरवर्षीचा खर्च आहे. तो उचलता येणार नसेल तर कंपनी काढू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली तेच काम करा. त्यात कमीपणा नाही.

हमीची दुसरी बाजू

शेवटी एक गोष्ट, जी आम्हाला स्वतःला उशिरा समजली. आज आमचे तेवीस सभासद आहेत. माणशी हजार, म्हणजे एकूण हमी तेवीस हजार. समजा उद्या कंपनी बंद झाली, लोकांची दोन लाख अनामत देणं आहे आणि हातात एक लाख ऐंशी हजार आहेत. वीस हजार कमी पडले. ते सभासदांनी भरायचे, माणशी आठशे सत्तरच्या आसपास. प्रश्न मिटला. पण समजा पन्नास हजार कमी पडले? सभासद तेवीस हजार देतील आणि मोकळे होतील. उरलेले सत्तावीस हजार कुणाचे बुडाले? वॉकर परत आणणाऱ्याचे.

म्हणजे "मर्यादित जबाबदारी" ही आमच्या बाजूनं मर्यादित. पलीकडच्या माणसाचं नुकसान तिनं थांबत नाही. कायद्यानं आम्हाला घरादाराची भीती न बाळगता काम करायची मुभा दिली आहे, बेफिकिरीची नाही. आणि हे संरक्षण फसवणुकीला लागू होत नाही. कर्जाला संचालकानं वैयक्तिक जामीन म्हणून सही केली असेल, तर त्या सहीलाही होत नाही.

म्हणून आम्ही एक नियम केला. अनामतीचं खातं वेगळं. त्याला दोन सह्या. त्यातून पगार नाही, भाडं नाही, नवी खाट नाही. फक्त अनामत परत करायची. पावतीवर स्पष्ट लिहितो की ही वस्तू सुस्थितीत परत आणण्यासाठीची अनामत आहे, व्याजाची ठेव नाही, कारण कंपन्यांनी लोकांकडून ठेवी घेण्यावर कडक बंधनं आहेत. दर वार्षिक सभेत खात्यातली शिल्लक आणि देणं असलेली अनामत, हे दोन आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहितो. जुळले की चहा. कायद्यानं हे सांगितलेलं नाही. अण्णांच्या वहीनं सांगितलं.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : "आमचा बचत नाही, नुसता भजनी ग्रुप आहे, आम्हालाही कंपनी लागेल का?" नाही हो ताई, नाही लागणार. पेटी-तबला एकाच्या घरी असेल तर कुणाच्या घरी आहे आणि तो कुणाचा, एवढं एका कागदावर लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. पण ज्या दिवशी बाहेरच्या लोकांचे पैसे तुमच्या हातात येतील, त्या दिवशी पासबुकावर कुणाचं नाव आहे ते बघा. माणसाचं नाव असेल, तर तो माणूस कितीही चांगला असला तरी थांबा. तो चांगला आहे म्हणूनच त्याच्या माघारी त्याच्या घरच्यांवर ही वेळ आणू नका.